गणपतरावांना ब्लॉक केल्यानंतर

६ नोव्हेंबर

आज सकाळी चहा व्हायच्या आत माझ्या हातून गुरुद्रोह झाला.

गणपतराव सरांच्या आजच्या ई-मेलमधला श्लोक असा होता:

चहापानं प्रभाते यः करोति स सुखी भवेत् ।
निद्रां त्यक्त्वा व्रजेत् पश्चात् कार्यालयमनुत्तमम् ॥

छंद निर्दोष. व्याकरण निर्दोष. आशयावर बोलायचं तर आधी तो सापडायला हवा. श्लोकाखाली दवबिंदूंसकट गुलाब. हे रोज. कॉलेजच्या सगळ्या आजी-माजी शिक्षकांना, दिवाळीच्या पाडव्यालाही सुट्टी नाही. सर ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांची प्रतिभा मात्र अजून नोकरीतच आहे.

त्यांना 'पाठवू नका' म्हणणं शक्य नाही. त्यांनी माझ्याकडून शब्दरूपं घोकून घेतली, पुढे त्यांच्याच हाताखाली मी नोकरीला लागलो. अशा माणसाला तोंडावर नको म्हणायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून मी श्लोकाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं. खाली यादी उघडली. त्यात 'ब्लॉक' होतं. दाबलं. सवयीने 'स्पॅम म्हणून कळवा' हेही दाबलं. आवाज नाही, रक्त नाही.

संयोगिता बँकेत निघाली होती. तिचं माहेर कसबा बावडा. तिकडे भीड नावाची वस्तू मिळत नाही.

"तोंडानं सांगायला काय जीभ झिजती काय?" ती म्हणाली.

"ते दुखावतील."

"आणि हे कळलं तर काय नाचतील?"

कळणार कसं? या सोयीचं सौंदर्य त्यातच आहे.

७ नोव्हेंबर

श्लोक नाही, गुलाब नाही. चहा अधिक गोड लागला.

संध्याकाळी टाऊन हॉलच्या बागेत आमच्या बाकावर पराक्रम सांगितला. सयाजी (इतिहास) आणि कुतुबुद्दीन (भूगोल) दोघेही कॉलेजातले माझे जुने सहकारी. सयाजी तर हादरलाच. "गुरूला ब्लॉक? माणूस हाईस का कोण?" कुतुबुद्दीनने कानाला हात लावले. "तौबा! आमच्यात उस्तादाच्या चपला पुसत्यात."

मी दोघांना नैतिक धक्क्यातून सावरायला वेळ दिला. जरा वेळाने कुतुबुद्दीन म्हणाला, "ते बटन नेमकं कुठं असतंय? निव्वळ माहिती म्हणून इचारतोय." दाखवलं. सयाजी दुसरीकडे बघत होता, पण चष्मा पुसून.

१२ नोव्हेंबर

सोनम आली होती. आमच्या संस्कृत विभागाची ही शेवटची विद्यार्थिनी. शेवटच्या वर्षाला वर्गात ती, मी आणि एक पंखा. हजेरी कायम शंभर टक्के, नाहीतर शून्य. ती पास झाली आणि कॉलेजने विभाग बंद केला. मला माझा पत्ता तेवढा ठेवू दिला: कॉलेजच्या नावाचा ई-मेल. तिथे येणारं सगळं माझ्या खासगी पत्त्यावर आपोआप पुढे येतं. पुण्याच्या साप्ताहिकात मी जे 'कोल्हापूरचं पत्र' लिहितो त्याच्याखालीही हाच पत्ता असतो. विभाग गेला, पाटी राहिली.

पोरगी इचलकरंजीची. वडील प्रसेनजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. घरात संस्कृत ऐकलेलं कोणी नाही. तिने पहिल्याच महिन्यात मला संधीच्या एका चुकीवर पकडलं होतं. तेव्हाच ओळखलं की हे प्रकरण इचलकरंजीत मावणार नाही.

आता जर्मनीतल्या एका विद्यापीठात बौद्ध संस्कृत हस्तलिखितांवर पीएचडीसाठी तिने अर्ज केला आहे. शिष्यवृत्तीसकट. अशी जागा वर्षाला एक निघते.

"सर, दोन शिफारसपत्रं लागतात. एक तुमचं, एक सयाजी सरांचं. त्यांची मेल तुमच्या कॉलेजच्या पत्त्यावर येईल, संस्थेचाच पत्ता चालतो म्हणे. त्यात लिंक असेल, तिथं पत्र टाकायचं. पंधरा डिसेंबर शेवटची तारीख."

"येऊ दे. सयाजीचं इंग्रजी मी तपासून देतो, नाहीतर तुला इथल्याच शिवाजी पेठेत प्रवेश मिळायचा."

हसली. जाताना म्हणाली, "सर, नक्की ना?"

मी म्हणालो, "यापेक्षा नक्की काय असतं ते पाणिनीलाही माहीत नव्हतं."

ती गेल्यावर लगेच बसून पत्र लिहून काढलं. दोन पानं. एवढं चांगलं मी कोणाबद्दल लिहिलेलं नाही, स्वतःबद्दल धरून. आता फक्त लिंक यायची.

२२ नोव्हेंबर

एक गोष्ट खुपते आहे. मागच्या 'पत्रा'त मी कसबा बावड्याच्या नव्या इमारतींची थट्टा केली होती. साखर कारखान्याच्या मळीचा वास अंगावर घेत उभ्या असलेल्या इमारतीचं नाव 'लव्हेंडर हाइट्स' ठेवायला धैर्य लागतं, असं काहीतरी. एरवी दर लेखाला पंधरा-वीस पत्रं येतात. या खेपेला एकही नाही. शिवीसुद्धा नाही.

संयोगिता म्हणाली, "बावडेकरांनी टाकलं तुम्हाला वाळीत. बरं झालं."

"तुझे भाऊ काही म्हणाले?"

"ते वाचतात कुठं?"

२९ नोव्हेंबर

याही आठवड्यात शुकशुकाट. बहिष्कार इतका एकजुटीचा असू शकतो हे बघून मी थक्क आहे. बावड्यात सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर एकमत होत नाही, माझ्यावर झालं.

शेवटी या अंकात चक्क क्षमा मागितली. तीस वर्षांच्या लेखनात पहिल्यांदा. संपादकांना धक्का बसला, त्यांनी फोन करून विचारलं की तब्येत बरी आहे ना.

दुपारी सोनमचा व्हॉट्सॲपवर निरोप: 'सर, मेल आली का?' मी कळवलं: 'अजून नाही. जर्मन लोक वेळ पाळतात ही अफवा दिसते.' तिचं उत्तर नुसतं 'बरं सर'.

८ डिसेंबर

क्षमायाचनेलाही उत्तर नाही. मनुष्याने पाया पडावं आणि समोरच्याने पायच काढून घ्यावेत, तसं.

जर्मनीचंही काही नाही. सोनमचा पुन्हा निरोप नाही, म्हणजे तिचं सगळं ठीक चाललेलं असणार. मौनं संमतिलक्षणम्.

१६ डिसेंबर

काल तारीख उलटली. मेल आलीच नाही. मला वाटतं पोरीने ऐन वेळी अर्ज मागे घेतला. कळवायचं नाही का? मी दोन पानं लिहून बसलो आहे. हल्लीच्या मुलांना आपल्यासाठी कोणी काही करून ठेवतं याची जाणीव नसते. तरी चिडलो नाही, थट्टेतच विचारलं: 'काय गं, जर्मनी रद्द? थंडीला घाबरलीस वाटतं.'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: 'हो सर. राहू दे.'

'राहू दे' हे जरा लागलंच मला. पुढे काही विचारलं नाही.

२ जानेवारी

संयोगिता झोपली आहे, मोठा दिवा न लावताच लिहितो आहे. अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

सकाळी मुबशिराचा फोन आला, "सर, घरी आहात का? येते." ती कॉलेजच्या संगणक केंद्राची प्रमुख. मला वाटलं नव्या वर्षाच्या शुभेच्छा. ती आली आणि बसायच्या आधीच सुरू झाली.

"सर, एक महिना डोकं फिरलंय माझं. कॉलेजनं पाठवलेली पत्रं पोरांच्या स्पॅममध्ये पडायला लागलीत. परीक्षेची, फीची, सगळी. मेलवाली कंपनी म्हणती, तुमच्याकडनं येणाऱ्या पत्रांना लोक कचरा म्हणून कळवतात. कोण कळवतं ते सांगत नाही. म्हणून ज्यांची ज्यांची मेल आमच्याकडनं पुढं जाते, त्या सगळ्या सरांच्या दारात फिरतीय. तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय का?"

"एका कवीला," मी म्हणालो. मला अजून विनोद सुचत होते.

"बघू."

तिने फोन घेतला, ब्लॉक केलेल्यांची यादी उघडली. यादीत एकच पत्ता होता. तो गणपतरावांचा नव्हता. कॉलेजचाच होता.

"हे काय?" मी म्हणालो. "मी त्यांना केलं होतं."

मुबशिरा खुर्चीत बसली. "सर, असं समजा, पोस्टमननं प्रत्येक पत्र आपल्या नावाच्या नव्या पाकिटात घालून आणलं. आत गणपतराव सर असोत नाहीतर कलेक्टर. तुम्ही पाकिटावरचं नाव बघून म्हणालात, ह्याला परत दारात उभं करू नका. गणपतराव सर राहिले बाजूला. तुम्ही पोस्टमनच बंद केलात. त्या पत्त्यावर जे जे आलं ते सगळं तुमच्या स्पॅममध्ये गेलं."

"सगळं?"

"सगळं. आणि तीस दिवसांनी ते आपोआप पुसतं."

तिने स्पॅमचा कप्पा उघडून फोन माझ्या हातात दिला.

बावडेकर होते. डझनभर. पहिल्या लेखाची पत्रं पुसली गेली होती, क्षमायाचनेवरची तेवढी उरली होती. 'माफी कशाला मागितलीसा? आम्ही पोट धरून हसलो होतो. आता मात्र रागावलोय.' असली. गणपतरावांचे श्लोक, रोजचे, गुलाबासकट. त्यांच्या मधेमधे जर्मनीचं विद्यापीठ. आठवण. दुसरी आठवण. शेवटची आठवण. पहिली लिंक तर कधीच पुसून गेली असणार.

आणि सोनम. महत्त्वाचं काही असलं की ती मला कायम याच पत्त्यावर लिहायची, विद्यार्थिनी असल्यापासून. एक दहा डिसेंबरचं. एक पंधराचं. पंधराचं सबंध लिहितो: 'सर, आज शेवटचा दिवस आहे. माझं काही चुकलं असेल तर सांगा.'

मी ते वाचलं आणि मग मला दुसऱ्या दिवशी पाठवलेला माझा निरोप आठवला. थंडीला घाबरलीस वाटतं.

मुबशिरा काय बोलत होती ते कळेना. ती गेली कधी तेही नीट आठवत नाही. संयोगिता बँकेतून आल्यावर तिला सांगितलं. मला वाटलं ती बोलेल, सांगितलं नव्हतं का म्हणून. ती म्हणाली, "पोरीला फोन नका करू. उद्या उठून जावा."

३ जानेवारी

इचलकरंजी.

गल्लीच्या तोंडापर्यंत मागांचा खडखडाट येतो. प्रसेनजीतनी दार उघडलं. आयुष्य त्या आवाजात गेल्याने हा माणूस नेहमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं बोलतो. आज मला बघून हळू म्हणाले, "या सर. बसा की."

सोनम आतून आली. नमस्कार केला. सतरंजीवर बसली.

मी रस्ताभर वाक्यं रचली होती. एकही कामाला आलं नाही. गणपतराव, बटण, पाकीट, पोस्टमन, जे सुचेल ते सांगत सुटलो. फोन काढून दाखवला. पत्राचा मसुदा छापून नेला होता, त्यावरची तारीख दाखवली. बारा नोव्हेंबर. पुरावा सादर करणाऱ्या आरोपीसारखा.

दोघं ऐकत होते. मी थांबलो तेव्हा काहीतरी फुटेल असं मला वाटत होतं. मला ते हवं होतं.

प्रसेनजीत म्हणाले, "चा टाक गं." मग माझ्याकडे वळून, "तुमी एवढ्या लांब आलासा, बास झालं सर. मनाला लावून घेऊ नगा. आमाला काय धक्का बसला न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे बसलाच न्हाई की. ही म्हनली, सरांचं पत्र गेलं न्हाई. मी म्हनलो, बरं. जेवून घे."

मी सोनमकडे वळलो. "तुला वाटलं मी मुद्दाम...?"

ती चहाला उठली नव्हती. तिने हे सगळं मनात बरेचदा लावून ठेवलं असावं, कारण एकही शब्द शोधावा लागला नाही. "सर, पहिले काही दिवस वाटलं, मेलचा घोळ असेल. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, आली नाही. आणि तिकडं अर्जाच्या पानावर दिसत होतं, पाठवली, पुन्हा पाठवली. मग सयाजी सरांचंही गेलं नाही. तेव्हा..."

"अगं, मग फोन करायचा! ओरडायचं माझ्यावर!"

प्रसेनजीतचा आवाज पहिल्यांदा चढला. "मीच नगं म्हनलो तिला. दोन पत्रं लिवली न्हवं सरांना? मग आनी हात पसरायचा न्हाई. जागा गेली तर गेली. ह्या घरात मागून घ्यायची पद्धत न्हाई."

मी म्हणालो (हे लिहिताना कान गरम होतात), "पण मी तसला माणूस नाही. माझं लग्नच..." आणि संयोगिताचं माहेर, पंचवीस वर्षांपूर्वी जातीवरून आमच्या घरी झालेला तमाशा, सगळं सांगू लागलो.

"मला माहीत आहे सर," सोनम म्हणाली. "म्हणून तर जास्त दिवस वाट बघितली."

चहा प्रसेनजीतनीच केला. चांगला होता. एसटीत बसल्यावर मला ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. धक्का बसलाच न्हाई की. मला बसला, आजपर्यंतचा सगळ्यात मोठा. त्यांच्यासाठी ते फक्त झालं होतं. मी ज्या गोष्टीने हादरलो तिला त्यांच्या घरात 'जेवून घे' एवढंच उत्तर होतं.

घरी आल्यावर जर्मनीच्या प्राध्यापकबाईंना सविस्तर लिहिलं, खासगी पत्त्यावरून. दोष सर्वस्वी माझा, विद्यार्थिनीचा काही नाही, शिफारसपत्र सोबत जोडलं आहे.

५ जानेवारी

बागेत सयाजीला धरलं. सोनमचं पत्र तू का नाही पाठवलंस?

"मला मेलच आली नाही," तो म्हणाला. "मी म्हटलं, पोरीनं दुसरा कोण धरला असेल. आपण कशाला विचारा."

"फोन दे."

"का?"

"दे म्हणतो ना."

यादी उघडली. एकच पत्ता. कॉलेजचा. मी बागेत बटण दाखवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशीपासून म्हणे.

सयाजीने घसा खाकरला. कुतुबुद्दीन उठून शेंगा आणायला निघाला होता, त्याला म्हटलं, तूही. त्याने फोन छातीशी धरला. मग दिला.

"चपला पुसत्यात ना तुमच्यात?"

"पुसत्यात की," तो म्हणाला. "पुसून लांब ठेवत्यात."

एरवी यावर आम्ही आठवडाभर हसलो असतो. कोणी हसलं नाही. मुबशिराला फोन लावला. तिला आणखी दोन जण सापडले होते. म्हणजे आम्ही पाच सुशिक्षित माणसं, एका म्हाताऱ्याला 'पुरे' म्हणायला घाबरलो. पाचही जणांनी गुपचूप कळवलं की कॉलेजकडून कचरा येतो, आणि यंत्राने आमच्यावर विश्वास ठेवला.

"नुसतं ब्लॉक काढून भागणार नाही," ती म्हणाली. "स्पॅममधलं एकेक पत्र उघडून 'हा स्पॅम नाही' असं कळवा. सगळ्यांनी. रोज. तेव्हा कुठं कंपनीचा विश्वास बसेल." मग हळूच, "आणि सर, गणपतराव सरांना कुणीतरी तोंडानं सांगा हो."

त्या बाकावर बसून तीन म्हातारे, किंवा म्हातारे व्हायच्या बेतातले, एकेका श्लोकाखाली बोट ठेवून साक्ष देत होते की हा कचरा नाही. खोटी साक्ष असेल. दिली.

६ जानेवारी

गणपतराव सरांकडे गेलो. त्यांची लेक स्वप्नाली पोहे करत होती. सर खिडकीपाशी, पायावर शाल. पाया पडलो आणि पायांकडेच बघत सगळं सांगून टाकलं.

वर बघायचा धीर होईना.

"म्हणजे," सर म्हणाले, "नको होते?"

"तसं नाही सर, पण रोज..."

"नको होते ना?"

"नको होते."

"अरे बाबा!" सर हसत मागे टेकले. "मग आधी सांगायचं की! स्वप्नाली, ऐकलंस का? नको होते ह्यांना!"

स्वप्नाली झारा घेऊनच बाहेर आली. "मी काय म्हणत होते?"

"अरे, पहाटे चारला उठून बसतो मी. डोळ्यांत पाणी येतं त्या पडद्याकडे बघून. तो गुलाब चिकटवायला तासभर लागतो. विषय संपले, शेवटी चहावर आलो. मला वाटलं, तुम्ही सगळे वाट बघता. एक दिवस चुकला तर म्हणाल, म्हातारा गेला. कोणी तक्रार केली नाही, म्हणजे आवडत असणार."

स्वप्नाली झारा हलवत आत गेली.

सर हसायचे थांबले. "तुझ्या वर्गात मी कधी हात उचलला होता का रे तुझ्यावर?"

"नाही सर."

"मग भ्यायलास कशाला?"

पोह्यांची बशी माझ्या हातात आली. सर म्हणाले, "ते जाऊ दे. त्या पोरीचं काय झालं? तिच्या जागेचं?"

"लिहिलंय त्यांना."

"आणि नाही म्हणाले तर?"

मी पोह्यांतले शेंगदाणे बशीच्या कडेला गोळा करत राहिलो.

१४ जानेवारी

नाही म्हणाले.

प्राध्यापकबाईंचं उत्तर सभ्य आहे. माझा प्रांजळपणा त्यांना भावला. शिफारसपत्र वाचून त्या प्रभावित झाल्या. परंतु निवड समितीची बैठक होऊन गेली आहे आणि अपूर्ण अर्ज समितीपुढे ठेवता येत नाहीत, अपवाद केला तर इतरांवर अन्याय होईल. त्यांचं बरोबर आहे. त्यात वाद घालायला एक फट सापडेल म्हणून मी ते चार वेळा वाचलं. सापडली नाही.

इतके दिवस मला आतून खात्री होती की होईल. खरं सांगितलं, चूक कबूल केली, म्हणजे काहीतरी परत मिळतंच, अशी माझी समजूत असावी. कुठून आली कोण जाणे.

सोनमला फोन केला. निरोप नाही पाठवला. ती म्हणाली, "बरं सर." मग, "तिळगूळ घ्या." मीही म्हणालो.

९ फेब्रुवारी

मधे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एवढंच घडायचं की रोज सकाळी स्पॅमचा कप्पा उघडायचा आणि बघायचं, आत कोणी अडकलंय का. गणपतरावांचं काही येत नाही. परवा सयाजी म्हणाला, "चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय." कुतुबुद्दीन म्हणाला, "तूच लिही मग." तो विषय तिथेच संपला.

आज दुपारी सोनम दारात. खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. न कळवता आली होती. मी इतका दचकलो की 'ये' म्हणायचं राहून गेलं. संयोगितानेच तिला आत घेतलं, पाण्याचं तांब्याभांडं आणून पुढ्यात ठेवलं.

"सर, दुसरं विद्यापीठ आहे. बेल्जियममधलं. परवा मुदत संपते. शिष्यवृत्ती अर्धीच आहे, पण विषय तोच. तुमचं पत्र पाहिजे."

"माझं?" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "माझं कशाला? दुसरं कोणी..."

"शेवटच्या वर्षाला वर्गात दुसरं कोण होतं, सर? पंख्याचं चालत नाही त्यांना."

मी हसणार होतो. ती हसत नव्हती.

"खासगी पत्ता देऊ का?" मी विचारलं.

"संस्थेचाच लागतो. तोच दिलाय. आत्ता अर्ज दाबते, मेल लगेच येईल. तुम्ही इथंच लिहा, इथंच पाठवा. मी बसते."

"अगं, मसुदा तयार आहे, मी संध्याकाळी..."

"मी बसते, सर."

आवाज तिचा नेहमीचाच, वर्गातला. फक्त त्यात विनंती नव्हती. संयोगिता दारातून म्हणाली, "बसू दे तिला. आणि तुम्ही पण बसा."

तिने लॅपटॉपवर अर्ज दाबला. आम्ही दोघं माझ्या फोनकडे बघत राहिलो. काही आलं नाही. "स्पॅम बघा," ती म्हणाली. बघितलं. रिकामा. "परत बघा." परत बघितलं. मुबशिराला फोन लावायला मी नंबर काढला आणि तेवढ्यात मेल आली. सरळ, समोरच्या दारानं. माझ्या तोंडून काहीतरी ओरडल्यासारखा आवाज निघाला. ती नुसतं म्हणाली, "उघडा."

जुना मसुदा समोर होता. दोन पानं, माझं सर्वोत्तम गद्य. वाचू लागलो तर त्यात मीच जास्त दिसलो: मी कसं ओळखलं, मी काय शिकवलं. तेवढं काढून टाकलं. तिने मला पकडलं होतं ती संधीची चूक घातली, नेमकी कुठली तेही लिहिलं. नोव्हेंबरात जे झालं तेही चार ओळींत लिहिलं, तिला न विचारता. तो अर्ज का बुडाला हे कोणाला तरी माहीत असलं पाहिजे. बराच वेळ लागला. संयोगिताने मधे चहा विचारला. "पाठवल्यावर," सोनम म्हणाली. पडद्याकडे तिने एकदाही वाकून बघितलं नाही. हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशी.

पाठवलं. "गेलं," मी म्हणालो.

ती उठली नाही. तिने आपला लॅपटॉप परत उघडला, पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. मी विचारणार होतो, आता काय राहिलं? मग मला कळलं. 'गेलं' हा माझा शब्द होता. ती त्यांच्याकडून पोचल्याची वाट बघत होती.

तिकडे हिरवी खूण उमटली. तिने ती दोनदा वाचली आणि लॅपटॉप मिटला.

मग तिने ते आल्यापासून तसंच भरलेलं पाण्याचं भांडं उचललं आणि एका दमात रिकामं केलं, तांब्यातून आणखी ओतून तेही. इचलकरंजीहून उन्हातून आली होती. इतका वेळ मी समोर बसून होतो आणि तिला तहान लागली असेल हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.